सुरू म्हणजे पाइन नव्हे!
ठाण्या-डोंबिवलीत बागेत सुरूचं झाड दिसलं की कुणीतरी हमखास ‘पाइन!’ म्हणतं. पण सह्याद्रीत पाइन मुळातच नाही. देशी पाइन हिमालयात आणि ईशान्य भारतात. सुरूची ‘सुई’ हे पान नव्हे, ती हिरवी काडी आहे. खाली पडलेली एखादी उचला, हलकेच ओढा, सांध्यावर तुटेल. तिथे भिंगातून ६ ते ८ इवलेसे खवले दिसतात. तीच पानं! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा केवढा आनंद झाला होता. पाइनच्या सुया बिनसांध्याच्या आणि जुडीत: चीड पाइनच्या जुडीत ३, कैल पाइनच्या ५. सोसायटीतला ‘ख्रिसमस ट्री’ बहुधा अरौकारिया, तोही पाइन नव्हे, परदेशी झाड. आपला देशी वृक्ष ओळखायचाय? ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जा, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन शोधा.