लिनक्स अग्निभिंतीवरील पत्ता-रूपांतर

फैजपूरसारख्या गावातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साठ संगणक असावेत आणि सेवादात्याकडून महाजालावरील पत्ता मात्र एकच मिळावा, हा प्रसंग अपवादात्मक नव्हे. त्याचे मूळ अंकगणितात आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात; जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. ही टंचाई पुष्कळ आधी ओळखून एगेव्हांग व फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची, म्हणजेच नॅटची, योजना मांडली होती.

तिचे स्वरूप कार्यालयातील बारनिशीसारखे आहे. वसतिगृहातील प्रत्येकाचे पत्र संस्थेच्या एकाच पत्त्यावरून रवाना व्हावे, त्यावर जावक क्रमांक पडावा आणि उत्तर आले की तो क्रमांक पाहून ते मूळ लेखकाकडे पोचवावे, तसाच हा व्यवहार होय. येथे जावक क्रमांकाचे काम पोर्ट क्रमांक करतो. १९२.१६८.१०.२५ या आतील संगणकाने पाठविलेल्या पुडक्यावर अग्निभिंत स्वतःचा बाह्य पत्ता घालते व जोडणीची नोंद सारणीत ठेवते.

लिनक्समध्ये हे कार्य गाभ्यातील नेटफिल्टर करते. जानेवारी २००१ मधील २.४ आवृत्तीपासून त्याची आज्ञा आयपीटेबल्स ही होती. जानेवारी २०१४ मधील ३.१३ आवृत्तीत एनएफटेबल्स आले. आज्ञा कोणतीही असो, क्रम एकच. प्रथम गाभ्याला पुडकी पुढे पाठविण्याची अनुमती द्यावी लागते. ती मुळात बंद असते, आणि नवशिक्याचा बराच वेळ येथेच खर्ची पडतो. नंतर पोस्टराउटिंग या टप्प्यावर बाहेर जाणाऱ्या पुडक्यांचा उगम-पत्ता बदलण्याचा नियम लिहावा. बाह्य पत्ता स्थिर असल्यास एसनॅट, बदलता असल्यास मास्करेड योजावे. आतील एखादा सेवक-संगणक बाहेरून उपलब्ध करावयाचा असेल, तर प्रीराउटिंगवर डीनॅट लागते. ते गाळणीच्या आधी घडते. म्हणून गाळणीच्या नियमात गंतव्य पत्ता आतीलच लिहिला पाहिजे, बाह्य नव्हे.

नियम जोडणीच्या केवळ पहिल्या पुडक्यास लावला जातो. पुढील पुडकी सारणीतील नोंदीनुसार जातात. प्रस्थापित टीसीपी जोडणीची नोंद, ती रीतसर बंद न झाल्यास, मूळ मांडणीनुसार ५ दिवस राहते. सारणी भरली की नवी पुडकी टाकून दिली जातात, आणि दोष मात्र बिचाऱ्या सेवादात्यास दिला जातो.

पत्ता-रूपांतर म्हणजेच संरक्षण, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. रूपांतराचा नियम कोणतेही पुडके अडवीत नाही. बाह्य बाजूच्याच जालखंडावरील एखाद्या यंत्राने आतील खाजगी पत्त्यासाठीचे पुडके थेट अग्निभिंतीकडे धाडले, तर फॉरवर्ड शृंखला खुली असल्यास ते आत पोचते. यासाठी त्या शृंखलेचे मूळ धोरण नकाराचे ठेवावे. प्रस्थापित जोडण्यांची पुडकी आणि आतून निघणाऱ्या नव्या जोडण्या यांनाच परवाना द्यावा.

याहून गंभीर प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. बाहेरील जगास साठ विद्यार्थी एकच दिसतात. एखाद्या गैरकृत्याची तक्रार बाह्य पत्ता व वेळ एवढ्यावरच आली, तर दोषी कोण हे सांगता येत नाही. त्यासाठी उगम-पोर्टही हवा. शिवाय सारणी स्मृतीत असते आणि जोडणी संपल्यावर तिची ओळ पुसली जाते. म्हणून आतील पत्ता, रूपांतरित पोर्ट व वेळ यांची स्वतंत्र नोंद लिहून ठेवणे भाग आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस जपण्याचे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविण्याचे बंधन घातले आहे. ही दुसरी अट क्षुल्लक वाटते; परंतु पोर्ट क्रमांक पुनःपुन्हा वापरले जातात, आणि अग्निभिंतीचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असले, तरी तोच क्रमांक भलत्याच विद्यार्थ्याच्या संगणकाकडे बोट दाखवू शकतो.