पाहुण्यांची गाडी आणि आपला पॉवर प्लग

पूर्वी आमच्या भागात पाहुणा बैलगाडीतून यायचा. त्याच्या पायावर पाणी घालण्याआधी बैल सोडून त्यांच्यापुढे वैरण टाकली जायची. पुढे मोटारी आल्या आणि ती जबाबदारी संपली, कारण मोटार पेट्रोल पंपावर जेवून येते. आता मात्र विजेवरच्या गाड्या आल्या आहेत आणि पाहुण्याच्या वाहनाला दाणापाणी करण्याची वेळ पुन्हा यजमानावर आली आहे. ती करताना मी काय चुका केल्या आणि त्यातून काय शिकलो, ते आज सांगणार आहे.

माढा तालुक्यात सीनेच्या बाजूला आमची शेती आहे. ज्वारी, डाळिंब आणि थोडा ऊस. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्यानंतर आम्ही घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी केली. थंडीत लोक हुरड्याला येतात, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जातात. काही जण पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करताना एक रात्र टेकतात.

२०२२ च्या डिसेंबरात पुण्याहून एक तरुण जोडपं आलं. गाडी अंगणात लावल्या लावल्या त्यांनी विचारलं, "काका, पंधरा अँपिअरचा प्लग आहे का? रात्री गाडी चार्जिंगला लावायची होती." मी म्हटलं, "आहे की! त्यात काय एवढं?" न्हाणीघरातल्या गिझरच्या प्लगमधून एक्स्टेंशनची वायर खिडकीतून बाहेर काढली. वायर लांब होती, म्हणून उरलेलं वेटोळं तसंच ठेवलं. गाडी सुरू झाली, आम्ही हुरडा खायला बसलो. रात्री साडेबाराच्या सुमारास आमच्या कारभारणीने मला हलवून उठवलं. "अहो, काहीतरी जळतंय बघा." जाऊन बघतो तर प्लगची एक बाजू काळी पडलेली आणि वेटोळ्याची वायर हात लावू देईना. मी मेन स्विच पाडला. पलीकडच्या खोलीत ते दोघं गाढ झोपले होते. त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नाही.

असं का झालं? गिझर चालतो ना त्याच प्लगवर, मग गाडी का नाही? दुसऱ्या दिवशी आमच्या वायरमनने सांगितलेलं उत्तर प्रत्येक यजमानाने लक्षात ठेवावं. गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. तेवढ्या वेळात तापलेली तार पुन्हा निवते. गाडी मात्र तेवढीच वीज आठ-दहा तास सलग ओढते. पॉवर प्लगवर गाडी साधारण तीन किलोवॅट घेते. आपल्या भाषेत सांगायचं तर चार हॉर्सपॉवरची मोटर रात्रभर घरातल्या एका प्लगवर चालवल्यासारखं आहे. शेतातल्या मोटरीसाठी आपण स्टार्टर, जाड केबल, सगळं बघून घेतो. गाडीला मात्र टेबलफॅनची वायर लावतो!

शिवाय तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. जिथे स्क्रू ढिला असेल किंवा पिन सैल बसत असेल, तिथे अडथळा जास्त, म्हणून तिथेच सगळ्यात आधी जळतं. वेटोळं केलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते.

आम्ही मग मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र लाइन ओढली. चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यासाठी वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा आरसीसीबी आणि चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट. वर पत्र्याचं छप्पर. एक्स्टेंशन बोर्डाला कायमची बंदी. घराचा मंजूर भार कमी होता, तोही अर्ज करून वाढवून घेतला.

एवढं करून मी निर्धास्त झालो. पण पुढच्या मे महिन्यात एक कुटुंब आलं, गाडी लावली आणि चार्जिंग सुरूच होईना. या गाड्यांच्या केबलला मध्ये एक डबी असते. तिच्यावर लाल दिवा लागला होता. पाहुण्यांना वाटलं गाडी बिघडली, मला वाटलं केबल बिघडली. दोन्ही ठीक होतं. ती डबी आधी अर्थिंग तपासते आणि ते नीट नसेल तर वीज आत सोडत नाही. आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलेलं होतं, पण उन्हाळ्यात जमीन भेगाळली आणि तो खड्डा कोरडा ठणठणीत पडला. चार बादल्या पाणी ओतलं, तासाभराने दिवा हिरवा झाला.

तेव्हा माझ्या मनात आलं, की आम्ही त्याच अर्थिंगच्या भरवशावर वर्षानुवर्षं फ्रीज आणि वॉशिंग मशीन वापरत होतो. मुलं ओल्या हातांनी बटणं दाबत होती. गाडीने नकार दिला म्हणून निदान कळलं. आता फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात पाणी घालतो आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग मोजून घेतो.

आता पैशांचा मुद्दा. पाहुण्याकडे विजेचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. पहिले काही महिने मी मागितले नाहीत. पण हिशेब बघा. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट एक तास. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३० युनिटांची होती. आता याहून मोठ्या बॅटऱ्यांच्या गाड्या सर्रास येतात. पुण्याहून आमच्याकडे यायला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. लहान गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे एका रात्रीत २५ युनिट सहज लागतात. घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो आणि १०० च्या पुढच्या युनिटाचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास जातो. घरचा वापर ९० युनिट असेल आणि महिन्यात चार गाड्या आल्या, तर वरची बहुतेक युनिटं चढ्या दराची. खोलीच्या भाड्यात हे बसत नाही. आणि सगळ्यांचं भाडं वाढवावं, तर एसटीने आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीचे पैसे का भरावेत?

म्हणून मी त्या लाइनवर छोटा मीटर बसवला. तिथेही एकदा अडलो. एक पाहुणे म्हणाले, "काका, गाडीच्या पडद्यावर २१ युनिट दिसतायत, तुम्ही २४ कसे म्हणता?" मला उत्तर देता आलं नाही. मी २१ चेच पैसे घेतले, पण त्यांना मी लबाड वाटलो की काय, याची रुखरुख राहिली. कारण नंतर कळलं. आपल्या घरी येते ती एसी वीज, बॅटरीत साठते ती डीसी. हा बदल गाडीतच होतो आणि त्यात दहा-बारा टक्के वीज उष्णता होऊन जाते. मीटरही खरा आणि पडदाही खरा. आता गाडी लावताना आणि काढताना पाहुण्यांनाच आकडा वाचायला सांगतो आणि हा फरक आधीच समजावतो. दर बिलातल्या चढ्या टप्प्याचा, त्यावर नफा नाही. आधी सांगितलेल्या पैशांवरून आजवर कुणी तोंड वाकडं केलेलं नाही.

गाड्या चार्ज करायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. मात्र आपली जोडणी घरगुती वर्गात बसते की व्यापारी, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावं.

इथे एक गोष्ट कानावर घालतो. शेजारचे आबा मला म्हणाले, "अण्णा, कशाला मीटरबिटर? पंपाच्या पेटीतून वायर ओढा. फुकटची लाइट आहे." साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने २०२४ पासून मोफत वीज दिली, हे खरं. पण ती पिकाच्या पाण्यासाठी दिली आहे. मंजूर कामाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या पेटीत फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा असतो, हे आपण सगळेच जाणतो. तिथे पाहुण्याची लाखांची गाडी लावायची? आबांना मी एवढंच म्हटलं, "आपल्या पाण्याच्या सवलतीला बट्टा लागेल असं काही नको."

बाकीची काळजी साधी आहे. खोली ठरवतानाच फोनवर विचारून घ्यावं, की गाडी विजेवरची आहे का आणि पोचताना बॅटरीत किती उरेल. वळवाच्या पावसात रात्रभर लाइट जाऊ शकते, म्हणून निदान जवळच्या जलद चार्जरपर्यंत जाता येईल एवढं चार्जिंग हाताशी ठेवून यायला सांगावं. पुणे–सोलापूर महामार्गावर असे चार्जर आता उभे आहेत. ते घरच्या प्लगच्या दहापट, कधी वीसपट वेगाने भरतात. ते काम आपलं नाही. आपण पेट्रोल पंप नव्हे. मुक्कामाची रात्र आणि सावकाश चार्जिंग यांची जोडी मात्र छान जमते. दोन गाड्या आल्या तर एक रात्री, एक पहाटेनंतर, असं जेवतानाच ठरवून टाकतो. केबल गुरांच्या वाटेत येणार नाही आणि डबी पाण्यात राहणार नाही, हे झोपण्याआधी बॅटरी मारून बघतो. लाइन सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने सॉकेटला हात लावून पाहतो. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर लगेच बंद.

गेल्या हुरड्याला ते पहिलं पुण्याचं जोडपं पुन्हा आलं, या वेळी लेकराला घेऊन. काळा पडलेला तो प्लग मी जपून ठेवला आहे. त्यांना दाखवला आणि त्या रात्री काय झालं होतं ते सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. क्षणभर दोघंही गप्प झाले. मग ते उठले, मीटरचा आकडा वाचून वहीत लिहिला आणि म्हणाले, "काका, वायरमनचा नंबर द्या. आमच्या गावाकडच्या घरीही हीच लाइन ओढून घेतो."

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)