रूळ निघून गेलेल्या वाटेवर : दुचाकी की तिचाकी?

आमच्या पिढीतील अनेक माजी विद्यार्थी आज परदेशात स्थिरावले आहेत. निवृत्तीनंतर त्यांचे आई-वडील चार-सहा महिने मुलांकडे राहावयास जातात. सुटीच्या दिवशी नातवंडे सायकली काढतात आणि आजी-आजोबांनाही सोबत चलण्याचा आग्रह धरतात. त्यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : “तुम्ही या फिरून, आम्ही इथेच बाकावर बसतो.” हा नकार वयामुळे आला, असे आपण गृहीत धरतो. आमचा अनुभव निराळा आहे. पुष्कळदा तो नकार समोर उभ्या केलेल्या चुकीच्या सायकलीला असतो. म्हणून बंद पडलेल्या लोहमार्गांवर तयार झालेल्या खडीच्या वाटांसाठी योग्य वाहन कसे निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अशा वाटांचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील ‘केटी ट्रेल’. ‘मिसुरी-कॅन्सस-टेक्सस’ या रेल्वे कंपनीच्या लाडक्या नावावरून तिचे हे नाव पडले. १९८६ च्या पुरात या मार्गाची मोठी हानी झाली आणि कंपनीने तो सोडून दिला. बंद लोहमार्गाची जागा विखरू न देता ती भावी रेल्वेसाठी राखून ठेवावी आणि तोवर वाट म्हणून वापरावी, अशी तरतूद तेथील केंद्रीय कायद्यात १९८३ मध्ये झाली होती. तिचा आधार या वाटेला मिळाला. आज ती सुमारे ३८६ किलोमीटर लांब असून बराच काळ मिसुरी नदीच्या काठाने जाते.

लोहमार्गाची वाट सायकलस्वाराला सोपी का जाते, याचे कारण त्या मार्गाच्या बांधणीत आहे. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे. त्यामुळे अभियंत्यांनी टेकड्या कापल्या, सखल भागात भराव घातले, गरज पडेल तेथे बोगदे खोदले. परिणामी अशा वाटेवर शंभर मीटरांत दोन मीटरांहून अधिक चढ क्वचितच येतो. चढाची काळजी पूर्वीच्या लोकांनी आपल्यासाठी वाहून ठेवली आहे. आपल्यापुढे प्रश्न उरतो तो पायाखालच्या जमिनीचा.

ही जमीन सर्वत्र सारखी नसते. केटी ट्रेलवर चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला आहे. तो कोरडा असताना टणक असतो, पाऊस झाल्यावर मऊ पडतो आणि चाक ओढू लागतो. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल ही १५२ किलोमीटरची वाट २००० साली पूर्णपणे खुली झाली. तिच्यावर मोकळी खडी लागते. म्हणून वाहन ठरविण्यापूर्वी वाट कशाची आहे, हे विचारावे.

पहिला निकष टायरच्या रुंदीचा. शर्यतीच्या सायकलीचे २५ ते २८ मिलिमीटरचे टायर खडीत रुततात आणि वळणावर घसरतात. चुनखडीच्या चुऱ्यावर ३८ ते ४५ मिलिमीटरचे टायर उत्तम चालतात. मोकळ्या खडीवर ५० मिलिमीटरपर्यंत जाण्यास हरकत नाही. हवाही फार कडक भरू नये. ४० मिलिमीटरच्या टायरला स्वाराच्या वजनानुसार दर चौरस इंचास ४० ते ५० पौंड हवा साधारणपणे पुरते. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीचे टायर दीड इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच रुंद असत. ज्या वडिलांनी आयुष्यभर तशी सायकल मुरमाच्या रस्त्यावर चालवली, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा निकष स्वाराच्या शरीराचा. येथे वय विचारू नये. तक्रार कशाची आहे, ते विचारावे. गुडघे दुखत असतील आणि तोल शाबूत असेल, तर आडवी दांडी नसलेली, सरळ बसून चालवता येणारी, हलक्या गिअरची दुचाकी घ्यावी. या वाटा जागोजागी रस्ते ओलांडतात, त्यामुळे वरचेवर उतरावे लागते. उतरताना पाय उंच टाकावा लागला नाही की निम्मा त्रास वाचतो. मडगार्ड अवश्य असावेत, कारण ओला चुना साखळीत आणि कपड्यांवर बसतो. रिमवर घासणाऱ्या ब्रेकपेक्षा डिस्क ब्रेक अशा चिखलात अधिक भरवशाचे ठरतात.

तोलच जात असेल, तर तिचाकीचा विचार करावा. तिचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. उंच सीटची, मागे दोन चाके असलेली तिचाकी चढा-उतरायला सोपी असते. मात्र तिचा भार उंचावर असल्याने वेगात वळवली तर ती कलंडू शकते. दुसरी, पुढे दोन चाके असलेली, जमिनीलगत रेलून बसण्याची. ती फार स्थिर असते, पण तिच्यातून उठताना गुडघ्यांवर मोठा ताण येतो. म्हणजे तोल गेलेल्यासाठी ती वरदान असली, तरी गुडघे गेलेल्यासाठी ती अडचण होऊ शकते. दोन्ही तक्रारी असतील, तर उंच सीटची तिचाकी घेऊन ती सावकाश चालवणे बरे.

तिचाकीविषयी आणखी काही गोष्टी दुकानात सहसा ध्यानात येत नाहीत. दुचाकी वाटेवरच्या एका घट्ट चाकोरीतून जाते. तिचाकीला तीन चाकोऱ्या लागतात. वाटेच्या मध्यभागी खडी सैल असेल, तर पुढे दोन चाके असलेल्या तिचाकीचे मागचे, म्हणजे जोर लावणारे चाक नेमके तिथेच फिरते आणि चढावर जागच्या जागी घसरू लागते. तेथेही रुंद टायरच उपयोगी पडतो. वाटेच्या तोंडाशी मोटारी अडवण्यासाठी खांब रोवलेले असतात. त्यांमधून तिचाकी जाईल ना, हे आधी मोजून घ्यावे. रेलून बसण्याच्या प्रकारात पेडलवरून पाय निसटला, तर तो खाली अडकून वाहनाखाली ओढला जाऊ शकतो, म्हणून पाय धरून ठेवणारा पट्टा आवश्यक आहे. वाहन बुटके असल्याने काठीला झेंडा लावावा. पुढची-मागची चाके वेगळ्या मापाची असतील, तर दोन्ही मापांच्या ट्यूब सोबत ठेवाव्यात.

आमच्यातील एकाचे वडील तीस वर्षे सायकलनेच कचेरीत जात. पुढे कानाच्या विकाराने तोल जाऊ लागला आणि त्यांनी सायकल सोडली. मुलाकडे गेल्यावर आम्ही उत्साहाने त्यांच्यासाठी पातळ टायरची, दिसायला देखणी सायकल भाड्याने आणली. पहिल्याच वळणावर ती घसरली. सुदैवाने फक्त तळहात खरचटला, पण त्यांचा चेहरा उतरला. ती चूक त्यांची नव्हती, आमची होती. आठ दिवसांनी आम्ही उंच सीटची तिचाकी आणली. या खेपेस ती दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर न पारखता खडीवरच पारखली : थांबून पाहिले, वळून पाहिले, उतरून पुन्हा चढून पाहिले. त्या दिवशी नदीकाठाने ते अठरा किलोमीटर गेले. वाटेत दोनदा थांबले, ते दमल्यामुळे नव्हे. मागे राहिलेल्या नातवासाठी.

आपल्या घरातील ज्येष्ठ पुढल्या वेळी बाकावर बसतो म्हणतील, तेव्हा त्यांना एवढेच विचारावे : दुखते ते गुडघ्यात, की जातो तो तोल? त्या उत्तराप्रमाणे वाहन निवडले, तर बाकावरचे माणूस बहुधा वाटेवर येईल.