माहिती-व्यवस्थापन : तरुणांसाठी एक अपरिचित कार्यक्षेत्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील पालक आम्हांस विचारतात, "फादर, मुलाने पुढे काय शिकावे?" वैद्यक, अभियांत्रिकी, अध्यापन, परिचर्या ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. माहिती-व्यवस्थापन हे नाव मात्र क्वचितच ऐकू येते, आणि आलेच तर 'म्हणजे कॉम्प्युटर ना?' असे विचारले जाते. संगणक हे या क्षेत्राचे एक साधन आहे, एवढेच. माहिती जमविणे, तिची वर्गवारी करणे, ती जपून ठेवणे आणि ज्याचा तिच्यावर हक्क आहे त्याला ती वेळेवर काढून देणे, हे या व्यवसायाचे खरे काम होय. ग्रंथपाल, अभिलेखपाल, रुग्णालयातील नोंदी सांभाळणारा कर्मचारी, हे सारे याच व्यवसायातले.

चिखलदरा तालुक्यात या कामाचे मोल कोणाला समजावून सांगावे लागू नये. कोरकू समाजातील एखादी मुलगी राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणास जाऊ इच्छिते, तेव्हा तिला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा कागद शोधावा लागतो. अनुसूचित जमातींच्या बाबतीत 6 सप्टेंबर 1950 हा मानीव दिनांक असल्याने त्यापूर्वीच्या कागदास विशेष वजन असते. मग शाळेची दाखल-खारीज नोंदवही, कोतवाल बुकाची नक्कल, महसुली कागद यांची शोधाशोध सुरू होते. वऱ्हाड 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होते, त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. राज्ये बदलली, कचेऱ्या बदलल्या, लिहिणारे हात बदलले. एके ठिकाणी 'सोमा', दुसरीकडे 'सोमाजी', तिसरीकडे 'सोम्या'. हा एकच माणूस की तिघे, हे ठरविता आले नाही तर नातीचा प्रवेश अडून बसतो.

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने सोडविणे ही माहिती-व्यवस्थापनाची एक शाखाच आहे. एका व्यक्तीच्या नावाची सारी रूपे एका प्रमाण नोंदीखाली आणायची आणि प्रत्येक रूप कोणत्या कागदात, कोणत्या पानावर आढळले ते लिहून ठेवायचे. मूळ कागदातील नाव मात्र कधीही 'दुरुस्त' करायचे नाही. हा शेवटचा नियम उत्साही तरुणांना सर्वांत जड जातो, असे आम्हांस वाटते.

पवित्र ख्रिस्तसभेला हे काम नवे नाही. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन ट्रेंट धर्मपरिषदेने 1563 साली घातले. आजच्या धर्मसंहितेतील 535 वे कलम प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असाव्यात, जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात आणि त्या परक्या हाती पडू नयेत, असे सांगते. जुन्या मिशनकाळातील नोंदी लॅटिनमध्ये लिहिण्याची प्रथा होती. त्यामुळे 'योआन्नेस', 'जॉन' आणि 'योहान' हे तिघे एकच आजोबा असू शकतात!

आता विद्यार्थ्यांविषयी. हे क्षेत्र आपल्याला मानवेल की नाही, हे माहितीपत्रके वाचून कळत नाही. सहा-आठ जणांच्या गटाने एखादे खरे काम हाती घ्यावे, म्हणजे ते चटकन उमगते. जैवविविधता अधिनियम 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम असते. गावातील वनस्पती, प्राणी, पिके आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान तीत उतरवायचे असते. समितीच्या संमतीने महाविद्यालयीन विद्यार्थी यात हातभार लावू शकतात.

मेळघाटात अशा कामास बसले की कामाची विभागणी आपोआप होते. कोणी म्हाताऱ्या माणसांशी बोलण्यात तरबेज ठरतो. कुटकी, सावा, मोह, चारोळी यांची कोरकू नावे विचारणारा कोणी, ती मराठी व शास्त्रीय नावांशी जुळवून पाहणारा दुसरा. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने तिचे उच्चार देवनागरीत कसे लिहायचे यावर गटात वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. एकदा ठरले की सर्वांनी तसेच लिहायचे. तिसरा कोणी प्रत्येक नोंदीपुढे दिनांक, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव आहे ना, हे तपासतो. हे कंटाळवाणे काम ज्याला मनापासून आवडते, त्याच्या पालकांनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा.

आणखी एक प्रश्न लवकरच पुढे येतो. भुमकाने विश्वासाने सांगितलेले औषधी मुळीचे ज्ञान वहीत लिहिले, तर ते कोणी पाहावे? सर्वांना दाखविले तर बाहेरचा व्यापारी त्याचा लाभ घेईल; लपवून ठेवले तर नातवंडांनाही मिळणार नाही. याचे उत्तर सांगणाऱ्याच्या संमतीवाचून देता येत नाही. माहिती देणे आणि माहिती राखणे यांतील तोल सांभाळणे हाच या व्यवसायाचा कठीण भाग आहे, आणि तो संगणकावर सोपविता येत नाही.

डॉ. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्यांतील एक. तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या बापाची रोजंदारी बुडते, हे पाहिलेल्यांना या सूत्राचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची एक वर्षाची पदवी घेता येते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. अभिलेखांकडे ओढा असलेल्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा पदविका अभ्यासक्रम आहे. धर्मग्रामातील युवकांच्या गटास जुन्या नोंदवह्यांची सूची करण्याची इच्छा असल्यास त्यांनी प्रथम आपल्या धर्मगुरूंची लेखी परवानगी घ्यावी. काम धर्मगुरूंच्या देखरेखीखाली, धर्मगुरुनिवासातच करावे आणि वहीच्या पानांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवू नयेत.