जोर कमी, काम जास्त: फळी, कप्पी आणि पहार

दुकानासमोर टेम्पो उभा राहिला की पहिली हाक हमालाला जाते. ५० किलोचे पोते पाठीवर घेऊन तो दिवसभर चढ-उतर करतो आणि संध्याकाळी कंबर धरून बसतो. छोट्या कारखान्यात तर मालक स्वतःच हमाल असतो. त्याची कंबर गेली की धंदा बंद. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे आहे की, मोटारीचे महागडे यंत्र घेण्याआधी साध्या यंत्रांचा विचार करा.

या यंत्रांचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन पटेल असा आहे. जोर वाचतो, पण अंतर वाढते. फुकट काही मिळत नाही.

टेम्पोची उंची १ मीटर धरू. ३ मीटर लांबीची मजबूत फळी लावून पोते ढकलगाडीवरून चढवले, तर ५० किलोऐवजी साधारण १७ किलोचा जोर पुरतो. गाडीचे वजन आणि घर्षण यांमुळे थोडा अधिक लागेल. पोते फळीवरून नुसते ओढले, तर मात्र घर्षणातच बराचसा फायदा जातो. चाके हवीतच.

माळ्यावर माल चढवायचा असेल तर कप्पी लावा. आढ्याला बांधलेल्या एका कप्पीने वजन कमी होत नाही. दोर खाली ओढण्याची सोय तेवढी होते. मालासोबत वर जाणारी दुसरी कप्पी जोडली, की जोर जवळपास निम्मा होतो. मात्र माल १ मीटर चढवायला दोर २ मीटर ओढावा लागतो.

जड मशीन सरकवताना दीड मीटरची पहार घ्या. टेकण मशीनकडच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर ठेवले, तर २० किलोच्या दाबाने १८० किलोचा भार उचलला जातो. हात ४५ सेंटिमीटर खाली जातो, मशीन ५ सेंटिमीटर वर येते.

हीच विद्या आपल्या रोजच्या हत्यारांत आहे. पत्रा कापायच्या कातरीची मूठ लांब आणि पाते आखूड असते. शिंप्याच्या कातरीचे पाते लांब, कारण कापडाला जोर कमी लागतो. दांडीचा तराजूही तरफच आहे. मर्व शहरातील विद्वान अल-खाझिनी यांनी तर तराजू आणि वजनाच्या शास्त्रावर इ. स. ११२१ च्या सुमारास ‘मिझान अल-हिक्मा’ हा मोठा ग्रंथ लिहिला.

दोन गोष्टींची काळजी घ्या. दोर विरलेला नको, आणि फळीचे वरचे टोक टेम्पोला अडकवलेले हवे. टांगलेल्या मालाखाली कोणालाही उभे राहू देऊ नका.

या जुम्याला कारखाना बंद असेल तेव्हा एकदा आत फेरी मारा. दिवसातून दहा वेळा उचलावे लागते असे ओझे कोणते, ते पाहा. सुरुवात तिथूनच करा. कारागिराची पाठ शाबूत, तर धंद्याचा कणा शाबूत.