सादृश्यमूलक अलंकार

सादृश्यमूलक अलंकार हे दोन भिन्न वस्तूंमधील साम्यावर आधारलेले अर्थालंकार होत. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, व्यतिरेक आदी अलंकार या गटात मोडतात. शालेय व्याकरणात ते मुख्यतः ओळखण्यासाठी अभ्यासले जातात. ललित लेखनात मात्र लेखकाला साम्य स्वतः शोधावे लागते आणि ते किती ठामपणे मांडायचे हेही ठरवावे लागते.

पार्श्वभूमी

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी ही संख्या बरीच वाढवली. मम्मटाने काव्यप्रकाशात उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदही आवश्यक मानला. ‘हा आंबा त्या आंब्यासारखा गोड आहे’ ही मात्र साधी तुलना ठरते, उपमा नव्हे. मराठीत ज्ञानेश्वरीने (शके १२१२, इ.स. १२९०) गीतेतील तत्त्वविचार व्यवहारातील उपमा-दृष्टांतांच्या साहाय्याने सुबोध केला.

उपमेचे घटक

‘जमीन आजीच्या टाचेसारखी भेगाळली होती’ या वाक्यात उपमेचे चारही घटक आढळतात.

• उपमेय (जिचे वर्णन करायचे ती वस्तू): जमीन
• उपमान (जिच्याशी साम्य दाखवायचे ती वस्तू): आजीची टाच
• साधारण धर्म (दोहोंतील समान गुण): भेगाळणे
• साम्यवाचक शब्द: सारखी

चारही घटक असल्यास ती पूर्णोपमा, एखादा गाळल्यास लुप्तोपमा होय.

एकच साम्य, निरनिराळे अलंकार

वरील निरीक्षण तेच ठेवून विधानाचा ठामपणा बदलला की अलंकार बदलतो.

• उत्प्रेक्षा: भेगाळलेली जमीन म्हणजे जणू आजीची टाचच. (संभावना)
• रूपक: जमीन हीच आजीची टाच आणि पाऊस हेच तिचे कोकमतेल. (एकरूपता)
• अपन्हुती: ही जमीन नव्हे, आजीची टाच आहे. (उपमेयाचा निषेध)
• व्यतिरेक: आजीच्या टाचेहूनही जमीन अधिक भेगाळली होती. (उपमेयाचे आधिक्य)

उपमेत दोन्ही वस्तू वेगळ्या राहतात. रूपकात त्या एक होतात. म्हणूनच टाचेबरोबर तेलही येऊ शकते आणि वर्णन पुढे वाढवता येते.

लेखनातील उपयोग

उपमानाची निवड: उपमानावरून पाहणाऱ्याची ओळख पटते. नातवाला भेगाळलेल्या जमिनीत आजीची टाच दिसेल, तर कुंभाराला भट्टीत तडकलेले मडके. उपमान निवेदकाच्या अनुभवातले नसेल, तर ते उसने वाटते.

रूढ उपमाने: चंद्रासारखे मुख, कमळासारखे डोळे ही उपमाने अतिवापराने निस्तेज झाली आहेत; ती वाचताना चित्र उभे राहत नाही. ‘घड्याळाचा काटा’, ‘डोंगराचा पायथा’ यांसारख्या प्रयोगांतील लाक्षणिकता तर आता जाणवतही नाही.

विसंगत रूपक: ‘संशयाचे बीज पेटले’ या वाक्यात बीज आणि आग यांची सरमिसळ झाली आहे. बीज रुजते, ठिणगी पेटते. एकदा स्वीकारलेले रूपक वाक्य संपेपर्यंत सांभाळावे लागते.

औचित्य: क्षेमेंद्राने औचित्यविचारचर्चा या ग्रंथात गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. दागिने खरे असले, तरी जागा चुकल्याने ते हास्यास्पद ठरतात. शोकप्रसंगी केलेली चमत्कृतिपूर्ण उपमा याच कारणाने खटकते.

अलंकार आवश्यक आहे की नाही हे पाहण्यासाठी तो काढून वाक्य पुन्हा वाचता येते. अर्थ आणि भाव यांत काहीच उणे झाले नाही, तर तो अनावश्यक समजावा. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात हाच विचार रसाच्या अंगाने मांडला आहे: रसात रमलेल्या कवीला ज्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, तोच अलंकार काव्यात ग्राह्य होय.

हे सुद्धा पहा

• अलंकार (साहित्य)
• काव्यप्रकाश
• ध्वन्यालोक