लहान मुलांसह कोकणची वाट

मे महिन्याच्या सुट्टीत अथवा गणपतीच्या तोंडावर पनवेलहून दक्षिणेकडे निघणाऱ्या मोटारी पाहिल्या, तर बहुतेक गाड्यांत आईच्या किंवा आजीच्या मांडीवर एखादे पेंगुळलेले मूल आढळते. मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतचे सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर वडील माणसांच्या हिशेबी एका दिवसाचे असेल. परंतु वर्षा-दोन वर्षांच्या बालकाच्या देहाला हा हिशेब सोसत नाही, आणि म्हणूनच प्रवासाचा वेग, वेळ व मुक्काम हे सर्वांत लहान सहप्रवाशाच्या प्रकृतीवरूनच ठरले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडी ही मुलाची सर्वांत सुरक्षित जागा, हा पिढीजात समज मायेतून उपजलेला असला, तरी ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी आघाताने एक दशांश सेकंदात थबकली, तर १० किलोच्या मुलाला जागच्या जागी धरण्यास सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ त्या क्षणी लागते, आणि ते कोणत्याही मातेच्या हातांत नसते. तान्ह्या मुलाचे मस्तक देहाच्या लांबीच्या जवळजवळ चतुर्थांश आणि मान मात्र कोवळी. यास्तव त्याचे स्वतंत्र आसन मागील बाकावर, मुलाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल असे, पट्ट्यांनी घट्ट बसवावे. एअरबॅग असलेल्या पुढील जागेवर ते कदापि ठेवू नये, कारण फुगणारी पिशवी नेमकी त्या आसनाच्या पाठीवरच आदळते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना वा बालआसनाविना नेणाऱ्या चालकास १,००० रुपये दंडाची तरतूद केली आहे. तिचा अंमल रस्त्यावर अभावानेच दिसतो, ही खेदाची गोष्ट होय.

दुसरी चिंता गाडी लागण्याची. कशेडीच्या बोगद्याने एका अवघड घाटाची वळणे टळली, तरी पाटणकडून येणाऱ्यांच्या वाटेत कुंभार्ली आणि कोल्हापूरकडून येणाऱ्यांच्या वाटेत आंबा घाट आहेच. अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय वळणावळणाला गती कळवीत असते, तर मांडीवरच्या पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सर्व स्थिर असल्याचे सांगतात, आणि या विसंवादातून मळमळ उत्पन्न होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष. त्याहून लहानांना क्वचित. घाट लागण्यापूर्वीच मोबाइल काढून घ्यावा, दूरचे डोंगर पाहण्यास सांगावे, काच थोडी खाली करावी. वाटेतला तळकट वडा टाळून मऊ भात, केळे, लाह्या असे हलके खाणे बरोबर ठेवावे. औषध द्यावयाचे झाल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

उन्हाळ्यात पहाटे निघणे केव्हाही श्रेयस्कर. उन्हात उभी केलेली बंद गाडी दहाएक मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते आणि मुलाचा देह मोठ्यांपेक्षा कितीतरी जलद. तेव्हा चहापुरते उतरतानाही झोपलेल्या मुलाला गाडीत ठेवणे सर्वथा वर्ज्य मानावे. सहा महिन्यांखालील बालकाला आईच्या दुधातूनच पुरेसे पाणी मिळते, पण ते धावत्या गाडीत पाजण्याचा प्रयत्न केल्यास त्याला आसनातून काढावे लागते. दर दोन तासांनी थांबण्याची तजवीज करावी, ती एवढ्यासाठीच. ही विश्रांती पेट्रोल पंपाच्या आवारात उरकण्यापेक्षा कर्नाळ्याच्या झाडीत, महाडला चवदार तळ्याच्या काठी अथवा संगमेश्वरी शास्त्री-सोनवीच्या संगमाजवळ घ्यावी, म्हणजे आसनात आखडलेल्या मुलांना पाय मोकळे करता येतात. महामार्गावर स्वच्छ शौचालय आणि स्तनपानासाठी आडोशाची खोली मिळेलच याची शाश्वती नसते. रस्त्यांवर एवढा पैसा ओतणाऱ्या शासनाने यात अधिक हयगय करू नये.

सावंतवाडीपर्यंत वा त्यापलीकडे जाणाऱ्यांनी चिपळूण किंवा संगमेश्वरास रात्रीचा मुक्काम करावा, आणि गावी वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण दुसऱ्या दिवशी पोहोचू, असे निघण्यापूर्वीच कळवून ठेवावे.